उपवासाच्या दिवसांतलं ब्लॅक मेटल

आवाजातली घाण काढायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. गोव्यात श्रावणातल्या भजनी सप्ताहाला माईक लावायचे, चवथीआधी घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्यांच्या स्पर्धा रेकॉर्ड करायच्या, जत्रेतल्या नाटकाचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा. पंख्याची घरघर, हार्मोनियमच्या भात्याची धाप, बुवांचं खाकरणं, कोणाच्या तरी खिशात वाजलेला मोबाइल हे सगळं गाळायचं आणि उरेल ते पेनड्राइव्हवर घालून मंडळाच्या हवाली करायचं. एवढ्यावर घर चाललंय. त्यामुळे भाचा येऊन म्हणाला, "मामा, आमचो डेमो तूं रेकॉर्ड कर, पूण साफ करूं नाका," तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की मग मी नक्की काय करायचं?

ब्लॅक मेटल ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारच्या तारेवर पिक इतक्या झपाट्यानं वरखाली फिरतं की सुटा सूर ऐकूच येत नाही, सलग धार लागते. खाली ड्रमवर हाताचा आणि पायाचा ठोका आलटूनपालटून, दोनशेच्या घरातल्या लयीत. त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. बास गिटार असते, पण ऐकू येत नाही, आणि ती वाजवणाऱ्याचीही त्याबद्दल तक्रार नसते. या सगळ्यावर एक माणूस किंचाळतो. नाव आलं ते व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या आल्बमवरून. पण या संगीताची तब्येत घडली ती अडचणीच्या जागांत. स्वित्झर्लंडमधल्या हेलहॅमरच्या पोरांनी १९८३ साली आपले पहिले डेमो बंकरमध्ये बसून केले. स्वीडनच्या बाथरीनं १९८४चा पहिला आल्बम स्टॉकहोममधल्या एका गॅरेजमध्ये उरकला. पैसे नव्हते म्हणून आवाज वाईट आला, आणि मागून आलेल्या पोरांनी तो वाईट आवाजच उचलला.

डेमो म्हणजे मुळात कंपनीला दाखवायचा नमुना. या मंडळींत मात्र नमुना हाच माल झाला. कॅसेटवरून कॅसेट उतरवायची आणि पोस्टानं धाडायची, नॉर्वेहून ब्राझीलला, ब्राझीलहून पोलंडला. टपाल परवडत नसे, म्हणून तिकिटावर डिंकाचा पातळ थर द्यायचे. शिक्का त्या थरावर बसतो, पाण्यात धुतलं की तिकीट पुन्हा कोरं. पत्राच्या शेवटी विनंती: तिकिटं परत पाठव. ही चलाखी भाच्यानं सांगितली तेव्हा हे लोक मला पहिल्यांदा ओळखीचे वाटले.

पुढचा इतिहास मात्र वाचवत नाही. ६ जून १९९२ला नॉर्वेत बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, बाराव्या शतकातलं. त्यानंतर आणखीही जळली. १९९३च्या ऑगस्टमध्ये ऑस्लोत एका बँडच्या गिटारवाल्याचा खून झाला आणि दुसऱ्या बँडमधल्या माणसाला पुढच्या वर्षी एकवीस वर्षांची शिक्षा. या सगळ्याभोवती जे वलय आहे ते मला अजिबात पटत नाही. जुनं लाकूड पेटवायला अक्कल लागत नाही. मी भाच्याला समोर बसवून विचारलंच, "तुमचंही असलं काही आहे का?" त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मामा, इगर्ज लासली जाल्यार ड्रमर खंयसून हाडचो?" चर्च जाळलं तर ड्रमर कुठून आणायचा?

खरंच आहे. त्यांचा ड्रमर बार्देशचा, ख्रिस्ती घरातला, संगीत शिकला तो चर्चमध्ये. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या पोरांना नोटेशन वाचायला शिकवलं. त्याच शिदोरीवर इथले वादक मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. हा मुलगा शनिवार-रविवारी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. वॉल्ट्झ, मांडो ही संथ नाचगाणी, मग जेवणं झाली की मसाला, म्हणजे चपळ कोकणी गाण्यांची साखळी. त्यातूनच त्याच्या ड्रमसेटचे हप्ते जातात. तो मोकळा सापडतो फक्त लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, कारण तेव्हा ख्रिस्ती लग्नं सहसा लागत नाहीत. म्हणून सैतानी म्हणून बदनाम असलेल्या संगीताचं रेकॉर्डिंग उपवासाच्या दिवसांत ठरलं. ड्रमर त्या दिवसांत मासमटण खात नव्हता. माझी बहीण त्याच्यासाठी वेगळी मुगागाठी करायची, आणि बाकीचे दोघं तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं ओरपत त्याच्याकडे ओशाळून बघायचे.

त्यात शिगमो, आमचा होळीचा सण, तोही त्याच दिवसांत. संध्याकाळ झाली की मांडावर, म्हणजे शिगम्याच्या जागेवर, ढोल-ताशे सुरू. शिवाय रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, हा नियम. भाच्यानं कालनिर्णय भिंतीवरून काढून आणलं आणि आम्ही चौघं त्याच्यावर डोकी घालून बसलो. अमुक दिवशी होळी, तमुक दिवशी गावात रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, या शुक्रवारी ड्रमरचं चर्चमध्ये कोयर, म्हणजे समूहगान. आमच्याकडे बंड करायचं तरी तिथी बघावी लागते.

जागा होती ती माझ्या मेव्हण्याच्या ट्रकची शेड. आमचा भाग डिचोली तालुक्यातला, खाणपट्ट्यातला. चीनला लोहखनिज जात होतं त्या वर्षांत इथं ज्याच्या त्याच्या दारात कर्जाचा टिपर उभा राहिला. मेव्हण्यानं दोन घेतले आणि त्यांच्यासाठी पत्र्याची उंच शेड घातली. २०१२च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं. मध्ये थोडं हललं, मग २०१८च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या आणि पुन्हा सगळं ठप्प. एक टिपर भंगारात गेला. दुसरा शेडबाहेर उभा आहे, त्याच्या चाकांतून आता रानमोडी उगवली आहे. शेड रिकामी झाली आणि तिच्यात बँड शिरला. झाडून पुसून घेतली तरी ड्रमच्या पहिल्या फटक्याला पत्र्याच्या खाचांतून लाल धूळ खाली येते. माईकच्या जाळीवर बसते. रोज रात्री ब्रश घेऊन ती झटकत बसणं एवढं एकच साफसफाईचं काम या पोरांनी माझ्याकडे ठेवलं होतं.

ही सगळी बर्फाळ देशातली कला, आणि तुम्ही इथं घाम पुसत काय नकला करता, असं मी एकदा बोलून गेलो. त्यावर भाच्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. दफनभूमीत उभे चार तरुण, अंगावर काडतुसांचे पट्टे, चेहरे रंगवलेले. ब्राझीलचा सार्कोफागो, आल्बम १९८७चा, म्हणजे नॉर्वेतल्या आगींच्या पाच वर्षं आधीचा. नॉर्वेवाल्यांनी यांच्याकडे बघून पुष्कळ काही उचललं. बँड बेलो ओरिझोंतेचा. ते शहर मिनास जेराइस राज्यात आहे, आणि त्या राज्याची ओळख म्हणजे लोहखनिज. भाषा पोर्तुगीज, चौकाचौकात चर्च, डोंगर पोखरलेले, उन्हाळा आमच्यासारखाच. भाचा पुढे काही बोलला नाही. मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. त्यानंतर बर्फाचा विषय मी काढला नाही.

आता मशीन. पोरांना कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग नको होतं. माझ्या माळ्यावर चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं, कॅसेट मशीन पडून आहे, हे भाच्याला लहानपणापासून ठाऊक. ते मी घेतलं होतं आमच्या गोव्याच्या गायकाच्या, रेमो फर्नांडिसच्या नादानं. १९८४ साली शिवोलीच्या घरात बसून, असल्याच चार ट्रॅकच्या मशीनवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्यानं कॅसेट काढली आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवली. आमच्या वयाच्या, आवाजाचं वेड असलेल्या प्रत्येक गोंयकाराला तेव्हा वाटलं की हे आपल्यालाही जमेल. मला जमलं नाही, मी आरत्यांकडे वळलो. १९९४ साली नॉर्वेच्या डार्कथ्रोननं असंच घरातल्या चार ट्रॅकवर आपला आल्बम केला, वाद्यं सगळी एकट्या ड्रमरनं वाजवून. शिवोलीत जे मशीन हसरं वाजलं तेच तिकडे तसं वाजलं. मशीनला काही मत नसतं.

साधी कॅसेट एका बाजूला दोन ट्रॅक वाजवते, उलटली की दुसरे दोन. हे मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरतं, आणि माझ्याकडचं तर दुप्पट वेगानं चालतं. म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम साडेबावीस मिनिटं. चार गाणी मावतात. ड्रमला दोन ट्रॅक, गिटारला एक. मग ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिनावर पुढचं भरायचं. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढत जाते. आम्ही हिला शत्रू मानत आलो. पोरं मात्र हेडफोन लावून ती सळसळ आळीपाळीनं ऐकत होती आणि माना डोलावत होती.

इथं माझा गैरसमज असा, की यांना काहीही चालतं. कसलं काय! गिटार बारक्या सरावाच्या अँपमधून, तोही भिंतीकडे तोंड करून, ट्रेबल पूर्ण, मधले सूर जवळजवळ बंद. माईक बोटभर सरकवला तरी ओरड. भिंत बदलून पाहिली, खालची फरशी बदलून पाहिली. एकदा उत्तम टेक झाला. ड्रम नेमका, गिटार धारदार. मी खूश. भाचा म्हणाला, "परत." कारण शेवटच्या कडव्यात मांडावरचा ढोल ऐकू येत होता, अगदी बारीक, पत्र्यातून झिरपलेला. पंखा चालेल, टेपची सळसळ चालेल, अँपचा हम् तर हवाच, पण शिगम्याचा ढोल नको. मी म्हटलं, "अरे, लोकांना हेच आवडेल. गोव्याचा मातीचा वास येईल. आणि खरं सांगू, मध्यंतरात चार मात्रा घुमट घालूया." घुमटावर माझा जीव. पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवायचे, तिच्या शिकारीवर बंदी आल्यापासून बकरीचं चामडं. आवाज थोडा बदलला, पण मागच्या तोंडावर हात उघडझाप करून निघणारा तो घुमार अजून दुसऱ्या कशात नाही. सरकारनंही त्याला वारसा वाद्य म्हणून मान दिलाय.

"तेंच," भाचा म्हणाला. घुमट घातलं की महोत्सवात बोलावतील, कुणीतरी दीप उजळील, सूत्रसंचालिका 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' म्हणेल. मी हसलो, कारण त्या वाक्याला मी आजवर किती वेळा माईक दिला आहे त्याला गणती नाही. टेक परत केला. मेळ विसावा घ्यायला थांबला ती फट साधून.

शब्द मराठीत आहेत. हे मला आधी विचित्र वाटलं, कारण ही पोरं आपसात कोकणीतच बोलतात. मग लक्षात आलं की दुसरं काही शक्यच नव्हतं. गोव्याच्या हिंदू घरात बोलायचं कोकणीत आणि देवापुढे उभं राहायचं मराठीत. आरती मराठी, भजन मराठी, कीर्तन मराठी, जत्रेतल्या नाटकातला राजाही मराठीच बोलणार. लाड, भांडण, मासळीचा भाव, शिव्या हे कोकणीत. भाषेवरून ऐंशीच्या दशकात इथं डोकी फुटली, १९८७ साली राजभाषा कायदा झाला, पण ही घरातली वाटणी कोणी मोडली नाही. ब्लॅक मेटल म्हणजे तोंड फिरवलेली प्रार्थना. ती प्रार्थनेच्याच भाषेत करावी लागते. भाच्याचं म्हणणं याहून सोपं होतं: "कोंकणींत आड्डल्यार आवय जेवंक आपयता शें दिसता." कोकणीत ओरडलं की आई जेवायला हाक मारतेय असं वाटतं. ड्रमरच्या घरी उलटं, त्यांची प्रार्थना कोकणीत. त्याला यातला एक शब्द कळत नव्हता आणि त्याची त्याला चिंताही नव्हती.

सैतान शब्दांत कुठंच नाही. तो यांच्या ओळखीचा नाही. यांच्या ओळखीचा देवचार, गावाची राखण करणारा, आणि त्याला वर्षाकाठी रोट आणि विडी द्यावी लागते, त्याच्याशी बंड कसलं करणार? गाणी आहेत खाणीच्या खड्ड्यांवर, पाणी भरून पडलेल्या. एका कागदावर भाच्यानं लिहिलं होतं:

खाणीचिया तळी । पाणी झाले काळे ।
देवाने ते डोळे । फिरविले ॥

सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. चोख अभंग. मी विचारलं, मुद्दाम केलंस? त्याला अक्षरांचा हिशेबच माहीत नव्हता. पाळण्यात असल्यापासून सप्ताहाच्या मंडपात झोपलेलं पोर, दुसरं काय येणार हातून? (पाणी खरं तर हिरवंगार असतं. काळं केलं ते बँडच्या सोयीसाठी.)

किंचाळणं रेकॉर्ड झालं टिपरच्या केबिनमध्ये. काचा वर केल्या, गाणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि माईक स्टिअरिंगला बांधला. डॅशबोर्डवर शांतादुर्गेचा फोटो, मेव्हण्यानं पहिल्या ट्रिपला लावलेला, कडा उन्हानं पिवळ्या पडलेल्या. गाणाऱ्यानं आधी तो फोटो अलगद उचलून काचेकडे तोंड करून ठेवला. मग घसा सोडला. ते ऐकायला येतं तसं घशातून नसतं. गळ्याच्या आतल्या पडद्यांवर पोटातून हवा सोडायची असते. चुकीचं केलं तर दुसऱ्या दिवशी माणूस बोलू शकत नाही. हा मुलगा रेकॉर्डिंग आटपून खाली उतरला आणि मऊ आवाजात पाणी मागितलं. फोटो पुन्हा सरळ करायला विसरला नाही. एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजीची हाक आली, "कोणाक भार आयला रे?" बहिणीनं इथूनच ओरडून सांगितलं की कोणाच्या अंगात आलेलं नाही, पोरं गातात. आजीचं समाधान झालं नसावं. थोड्या वेळानं ती अंगाऱ्याची पुडी देऊन गेली.

एक गोष्ट डेमोत नाही, पण सांगायला हवी. कोऱ्या कॅसेटी मिळेनात तेव्हा सुरुवातीला मी पेटीतली जुनी काढली. सप्ताहाच्या सरावाची, दोन्ही बाजू भरलेल्या. चार ट्रॅकच्या मशीनवर ती लावली. आता पाहा काय होतं: पहिल्या दोन ट्रॅकवर वरच्या बाजूचं भजन सरळ, पण दुप्पट वेगानं. आणि तिसऱ्या-चौथ्यावर मागच्या बाजूचं भजन उलटं. टाळ आधी घुमतात आणि मग वाजतात. शब्द गिळले जातात. बुवांचा 'विठ्ठल' शेवटाकडून सुरुवातीकडे येतो. पोरं ताडकन उठली. जगभर या संगीतावर उलट्या संदेशांचा आळ आहे, आणि इथं माझ्या पेटीतून ते आयतं, तयार. गाणारा म्हणाला, डेमोची सुरुवात हीच, दुसरी नाही.

मी नाही म्हणायच्या तयारीत होतो. दोन-चार वाक्यंही जुळवली होती. पण भाच्यानं हेडफोन कानाशी दाबला आणि सरळ बाजूचे दोन ट्रॅक वर केले. दुप्पट वेगातही पखवाजाची थाप लपत नाही. "आजो न्हय मरे हो?" त्याचा आजो, म्हणजे माझे वडील. मी मान हलवली. त्यानं मशीन बंद केलं, कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि दुसरी शोध म्हणाला. वाद नाही, खुलासा नाही. गाणाऱ्यानं थोडा वेळ जाऊ दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुसऱ्या गांवचें भजन आसा?"

होतं. पेटीभर होतं. पण त्या गावांचे सप्ताह मीच करतो.

कोऱ्या कॅसेटी शेवटी ऑनलाइन मागवल्या. कव्हर डिचोलीच्या बाजारात झेरॉक्स केलं. खड्ड्याचा फोटो, दोनदा झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळाकुट्ट झालेला, वर बँडचं नाव अशा अक्षरांत की दुकानदारानं कागद उलटा लावला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. कॉप्या डबल डेकवर, जेवढा डेमो तेवढा वेळ बसून. त्यातला एकेक आवाज मला आता पाठ आहे. तरी बास अजून ऐकू आलेला नाही. माझं मत कोणी विचारलं तर दुसरं गाणं लांबलं आहे आणि तिसरं फार चांगलं आहे. पुष्कळ बँड वाईट रेकॉर्डिंगच्या आड वाईट वाजवणं लपवतात, हे मी आता बरंच ऐकून सांगू शकतो. या ड्रमरला लपवायची गरज नाही. लग्नात वॉल्ट्झ धरणारा हात आहे तो, दोनशेच्या लयीतही सम सुटत नाही.

बऱ्याच कॅसेटी बंगळूर आणि कोलकात्याला गेल्या, या संगीताचे ऐकणारे तिकडे जास्त. एक पाकीट बेलो ओरिझोंतेला. परदेशी टपालाला कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, आत काय आहे ते लिहावं लागतं. भाच्यानं लिहिलं: एक कॅसेट, मराठी गाणी. खिडकीवरचे गृहस्थ आमच्या सप्ताहाला दरवर्षी पहाटेच्या पाळीला बसतात. त्यांनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग भाच्याकडे पाहिलं.

"भजनां?"

"हय," भाचा म्हणाला आणि पैसे पुढे केले.